बाणाची काडी पारखताना

शिरपूरकडच्या एका शेतात तीरकामठ्याचा सराव चालला होता. एका पोराचा बाण सुटतानाच मधोमध फुटला आणि चिरफळी त्याच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी घुसली. काडी त्यानेच तापीकाठून तोडून आणलेली, नळाची, सरळ आणि देखणी. फुटलेलं टोक मी पाहिलं. भिंत कागदासारखी पातळ, आतून अजून ओलसर. भर भाद्रपदात तोडलेला कोवळा नळ होता तो.

आता कुणी काड्या दाखवायला आलं की मी आधी सुरी काढायला लावतो. नुसत्या बघण्यावरून नळाची पारख होत नाही.

आपल्याकडे फसवणाऱ्या वनस्पती बऱ्याच. कालव्याकाठी माजलेली बेशरम लांबून सरळसोट दिसते, पण तोडली की पांढरा चीक गळतो आणि ती विषारी आहे. तिच्या नादाला लागू नये. पाणकणसाचा दांडाही गोल, गुळगुळीत असतो, मात्र त्याला गाठी नसतात आणि आत नुसता भुसभुशीत गाभा. नदीच्या वाळूतल्या कासाची काडी पोरांच्या खेळापुरती ठीक. खरा नळ ओलाव्याला उगवतो, पेरापेरांचा आणि पोकळ असतो, माथ्यावर मोठा केसाळ तुरा येतो. पान खोडाला जिथे बिलगतं तिथे बारीक केसांची कड दिसते.

पण नळ ओळखला म्हणजे काडी मिळाली असं नाही. सातपुड्यातल्या एका पावरा म्हाताऱ्याने मला सांगितलं, "दादा, तुरा वाळला की तोडा. थंडीत." तोवर खोड पिकून टणक झालेलं असतं. कापलेलं टोक बघा: भिंत जाड हवी, भोक लहान. आठ-दहा मिलिमीटर जाडीची, लांब पेरांची काडी निवडावी. जुडी बांधून काही आठवडे सावलीत वाळवायची, मग निखाऱ्यावर फिरवत गरम करून वाक काढायचे. वाळलेली काडी कानाजवळ धरून चहूबाजूंनी हलके वाकवा. किंचित कडकड ऐकू आली तरी ती चुलीत घाला. मोह आवरत नाही तो इथेच.

दोरीची खाच गाठीच्या लगत वरच्या अंगाला घ्यावी आणि खाचेखाली दोरा घट्ट गुंडाळावा. भिल्लांच्या कामठ्याची दोरी बांबूच्या सालीची, कडक असते. उघड्या पोकळ पेराला ती चिरून टाकते. पात्याकडच्या टोकाला टणक लाकडाचा तुकडा बसवला की बाण पुढे जड होतो आणि नळ फाटत नाही. इजिप्तच्या तुतनखामेनच्या थडग्यातले बाणसुद्धा नळाचेच आहेत. नवख्याने मात्र माझं ऐकावं: पहिले बाण पिकलेला बांबू चिरून, तासून करावेत. मेहनत जास्त लागते, पण भरीव काडी अशी दगा देत नाही.

बाण फक्त निशाण्यावर. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याची बंदी आहे, आणि यावल किंवा अनेर धरण अभयारण्यातून परवानगीशिवाय काही तोडता येत नाही. हतनूर धरणाच्या उथळ पाण्यातला नळ तर पाणपक्ष्यांचा आसरा. तिकडे कोयता नेऊच नये. शेताच्या बांधालगतचा, नाल्याकाठचा नळ मालकाला विचारून घ्या. उपटू नका, जमिनीच्या वर चार बोटं ठेवून कापा. पावसाळ्यात तो पुन्हा फुटतो.