एका डच क्रियापदाची जन्मकथा

युरोपातील नेदर्लंड्स या देशाच्या नावाचा अर्थच मुळी 'सखल प्रदेश' असा आहे. त्याची सुमारे एक चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीहून खाली आहे. तेथील डच भाषेत 'पोल्डरेन' असे एक क्रियापद आहे. सर्वांनी एकत्र बसून, प्रत्येकाने थोडे सोडून, सर्वांना मान्य होईल असा निर्णय घेणे, हा त्याचा अर्थ.

हे क्रियापद 'पोल्डर' या नामापासून झाले आहे. मराठीत 'हात' या नामापासून 'हाताळणे' होते, तसेच हे. पाणथळ जागेभोवती बांध घालून आतील पाणी उपसले, म्हणजे जी जमीन लाभते, ती पोल्डर. कोकणातील खारबंदिस्ती ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तिची कल्पना येईल. बेम्स्टर नावाचे सरोवर डचांनी १६१२ साली पवनचक्क्यांच्या साहाय्याने असेच कोरडे केले.

मग जमिनीच्या नावाला समेटाचा अर्थ कसा आला? बांध एके ठिकाणी फुटला, तरी पाणी सर्वांच्याच शेतांत शिरते. म्हणून बांधाची निगा सर्वांनी मिळून राखावी लागे. तेराव्या शतकापासून त्यासाठी जलमंडळे स्थापन झाली. त्या काळचा दंडक मोठा कडक होता. ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणे अशक्य होई, तो बांधात फावडे रोवून जमीन सोडून जाई. जो ते फावडे उपटी, त्याला ती जमीन मिळे आणि बांधाचा भारही त्याच्यावर येई. १९५३ सालच्या फेब्रुवारीत समुद्र खवळून बांध फुटले, तेव्हा त्या देशात १८३६ माणसे प्राणास मुकली. बांधाचे मोल यावरून कळावे.

पुढे १९८२ साली वासेनार गावी कामगार व मालक यांच्या संघटनांनी करार केला. कामगारांनी वेतनवाढीचा आग्रह आवरला. मालकांनी कामाचे तास कमी करण्यास संमती दिली. समेटाच्या या रीतीला १९९० नंतरच्या दशकात पोल्डरचे नाव मिळाले आणि 'पोल्डरेन' हे क्रियापद या अर्थाने रूढ झाले.

चर्चा फार लांबली, की डच लोक हाच शब्द थट्टेनेही वापरतात. परंतु ज्यांचा बांध एक, त्यांना एकमेकांशी बोलणे टाकून चालत नाही, हे त्या शब्दाचे मूळ सांगणे आहे.

स्वाध्याय
१. पोल्डर कशी तयार होते?
२. बांधात फावडे रोवण्याचा अर्थ काय होता?
३. नामापासून झालेली पाच मराठी क्रियापदे शोधून लिहा.