संगणक सुरू होत नाही तेव्हा : निदानाचा एक पाठ

जोगेश्वरीच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत आणि पुनर्वसन इमारतींच्या लहान खोल्यांत आज अनेक घरी संगणक आहे. तो बहुधा एकच असतो. एखाद्याने बोनसच्या रकमेतून, एखाद्याने भिशी उचलून, तर कुणी सुलभ हप्त्यांवर घेतलेला. त्याच एका यंत्रावर मुलीचा अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरला जातो, मुलाच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रे महाडीबीटी संकेतस्थळावर चढविली जातात आणि मोठ्या भावाचा नोकरीचा शोध चालतो. असे यंत्र अर्जाची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी सुरूच होत नाही, तेव्हा घरात जी धांदल उडते तिचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही.

या धांदलीत दोन नुकसाने होतात. पहिले पैशाचे : ‘बोर्ड गेला’ असे कुणी सांगितले की तपासून पाहण्याचे साधन आपल्यापाशी नसल्याने आपण ते मान्य करतो. दुसरे त्याहून मोठे : ‘फॉरमॅट मारून देतो’ या वाक्याला होकार दिला की मुलांची टिपणे, प्रकल्प, छायाचित्रे, दाखल्यांच्या प्रती क्षणात पुसल्या जातात. वास्तविक पाहता, नव्या संगणकातील बहुतेक दोष किरकोळ असतात. ते क्रमाने शोधता येतात. हा क्रम समजावून देणे, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

यंत्र जागे होते म्हणजे काय होते?

संगणक सुरू होण्याच्या क्रियेला ‘बूट’ म्हणतात. या शब्दामागे एक इंग्रजी कल्पना आहे : आपल्याच बुटाच्या मागील पट्टीला धरून स्वतःला वर उचलणे. आज्ञा वाचायला यंत्राला आज्ञावली हवी आणि आज्ञावली आत घ्यायलाही आज्ञावलीच हवी, असा हा पेच आहे. मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा निर्वात नलिकांचा संगणक कार्यान्वित झाला. त्या पिढीतील यंत्रांची सेवा करायला प्रशिक्षित माणसे सतत जवळ असावी लागत. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्यात सुरू होताच स्वतःची तपासणी करणारी एक छोटी आज्ञावली कायमची बसविलेली होती. सर्व ठीक असल्यास ते यंत्र एकदाच ‘बीप’ असा आवाज करी. आजच्या यंत्रात हेच काम मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठविलेली आज्ञावली करते. तिला लोक अजूनही ‘बायोस’ म्हणतात, जरी तिचे नवे रूप ‘यूईएफआय’ या नावाने ओळखले जाते.

आपण बटण दाबल्यावर चार टप्पे घडतात. पहिला, कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, तो घरातील २३० व्होल्टच्या विजेचे रूपांतर १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात करतो. दुसरा, बायोस प्रोसेसर, रॅम आणि चित्रदर्शक कार्ड यांची तपासणी करते. तिसरा, ती एसएसडी अथवा हार्ड डिस्क शोधून तिच्यावरील प्रारंभिक आज्ञावली वाचते. चौथा, त्या आज्ञावलीकडून विंडोज वा अन्य कार्यप्रणाली आत घेतली जाते.

हे चार टप्पे ध्यानात ठेवले की निदानाचा निम्मा भाग संपला. इतिहासाचा अभ्यासक घटना नेमकी कुठे खंडित झाली हे आधी ठरवितो आणि कारण मग शोधतो. येथेही तोच मार्ग आहे. ‘संगणक बंद पडला’ हा निष्कर्ष झाला, पुरावा नव्हे. पंखा फिरतो काय, दिवा लागतो काय, पडद्यावर कंपनीचे चिन्ह येते काय, विंडोजचे चिन्ह येते काय, या चार प्रश्नांची उत्तरे हा पुरावा होय.

हात लावण्यापूर्वी

नव्या संगणकाच्या बाबतीत पहिले साधन बिल हे आहे. हमीची मुदत पाहावी. सुटे भाग जोडून घेतलेल्या यंत्रात प्रत्येक भागाची मुदत वेगळी असू शकते. कॅबिनेटवर हमीचा सीलबंद कागद चिकटविलेला असल्यास तो फाडण्यापूर्वी विक्रेत्याला विचारावे. हमीच्या मुदतीत दाद मिळत नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या बाजूस आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

कॅबिनेट उघडायचे असल्यास भिंतीतील बटण बंद करून पिनच काढून ठेवावी. नंतर संगणकाचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज बरीचशी निघून जाते. कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला बोट लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. एसएमपीएसचा डबा मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. त्यातील कपॅसिटरमध्ये पिन काढल्यानंतरही जीवघेणा भार राहू शकतो. लहान मुलांनी हे काम मोठ्यांच्या देखतच करावे.

पहिला टप्पा : काहीच हालचाल नाही

पंखा नाही, दिवा नाही. अशा वेळी संशय विजेवर घ्यावा. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस बाजूला ठेवून संगणकाची वायर थेट भिंतीत लावावी. कॅबिनेटच्या मागे, वायर जाते त्या जागेजवळ एक लहान काळे बटण असते. झाडू-पोछा करताना ते बंद झालेले अनेकदा आढळते. मॉनिटरची आणि संगणकाची वायर बहुधा सारखीच असते, म्हणून त्यांची अदलाबदल करून वायरचीही परीक्षा होते.

एवढ्याने काम न झाल्यास आत पाहावे. मदरबोर्डला एसएमपीएसकडून दोन मुख्य जोडण्या येतात : एक चोवीस पिनांची रुंद आणि दुसरी प्रोसेसरजवळची, बहुधा आठ पिनांची. दोन्ही खटका वाजेपर्यंत बसलेल्या असाव्यात. एक क्षण पंखा फिरून लगेच थांबत असेल, तर या जोडण्या, प्रोसेसरवरील पंख्याची बैठक आणि आत पडलेला एखादा सुटा स्क्रू यांकडे लक्ष द्यावे.

विजेच्या खंडाचाही विचार केला पाहिजे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगरातील वीज एकाएकी गेली आणि लोकलगाड्याही थांबल्या, हे वाचकांना आठवत असेल. असा खंड काम चालू असताना पडला की डिस्कवरील लेखन अर्धवट राहते आणि यंत्र पुढच्या वेळी चौथ्या टप्प्यावर अडू शकते. लहानसा का होईना, यूपीएस असावा तो यासाठी.

दुसरा टप्पा : पंखा फिरतो, पडदा काळा

नव्या यंत्रात सर्वाधिक तक्रारी येथे येतात आणि सर्वाधिक सोपी उत्तरेही येथेच असतात. मॉनिटर चालू आहे ना आणि त्यावर योग्य इनपुट निवडला आहे ना, हे प्रथम पाहावे. नंतर कॅबिनेटच्या मागे नजर टाकावी. वेगळे चित्रदर्शक कार्ड बसविलेले असेल, तर मॉनिटरची केबल त्या कार्डाला जोडायची, वरच्या बाजूच्या मदरबोर्डच्या खाचेत नव्हे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत चित्रदर्शनाची अंगभूत सोय नसते. तेथे मदरबोर्डच्या खाचेतून चित्र कधीच येणार नाही.

पुढचा संशय रॅमवर. लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून संगणक घेऊन ग्रँट रोडला लोकल पकडायची, जोगेश्वरीला उतरायचे आणि तेथून रिक्षाने घरी, हा आपला नेहमीचा प्रवास. एवढ्या धक्क्यांत रॅमची पट्टी किंवा जड चित्रदर्शक कार्ड किंचित सैल होणे स्वाभाविक आहे. वीज काढून पट्टी बाहेर घ्यावी, तिच्या सोनेरी कडेवर मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवून कोरड्या कापडाने पुसावी आणि दोन्ही टोके समान दाबून पुन्हा बसवावी. पट्ट्या दोन असतील, तर एकावेळी एकच लावून पाहावी. चार खाचांच्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरकडून मोजलेल्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. सोबतच्या पुस्तिकेत ते दिलेले असते.

येथे धीराचाही एक धडा आहे. डीडीआर५ प्रकारची नवी रॅम प्रथम सुरू होताना यंत्र तिच्याशी आपला मेळ बसवून घेते आणि त्यासाठी काही मिनिटे लागू शकतात. त्या अवधीत पडदा काळाच राहतो. घाबरून वारंवार बटण दाबल्यास ती क्रिया दरवेळी नव्याने सुरू होते. पंधरा मिनिटे वाट पाहून मगच निष्कर्ष काढावा.

आजच्या अनेक मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावे लिहिलेले चार बारीक दिवे असतात. जो दिवा पेटून राहतो, तो दोषाची जागा दाखवितो. १९८१ च्या त्या ‘बीप’चे हे आजचे वारस. शेवटचा उपाय म्हणजे मदरबोर्डवरील नाण्यासारखी ३ व्होल्टची बॅटरी पाच मिनिटे काढून पुन्हा बसविणे. त्यामुळे बायोसची मांडणी मूळ स्थितीत येते. मात्र हा उपाय करण्याआधी पुढील सूचना वाचावी.

तिसरा आणि चौथा टप्पा : चिन्ह येते, पण विंडोज येत नाही

‘बूट करण्याजोगी डिस्क सापडली नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसल्यास आधी लावलेले पेनड्राइव्ह काढावेत. यंत्र पेनड्राइव्हवरच विंडोज शोधत बसलेले असते. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन (कंपनीपरत्वे ‘डिलीट’ किंवा ‘एफ२’ हे बटण दाबून) एसएसडीचे नाव दिसते का ते पाहावे. नाव दिसत असेल, तर तिचा क्रम वर आणावा. दिसत नसेल, तर एसएसडी सैल झाली असण्याचा संभव मोठा. ती पुन्हा बसवावी.

विंडोजचे चिन्ह येऊन यंत्र पुनःपुन्हा सुरू होत असेल, तर यंत्राचे भाग बहुधा शाबूत आहेत, दोष आज्ञावलीत आहे. सुरू होण्याचे प्रयत्न लागोपाठ फसले की विंडोज स्वतःच दुरुस्तीची निळी पाटी पुढे करते. तेथे ‘स्टार्टअप रिपेअर’, शेवटचे अपडेट काढणे, ‘सिस्टिम रिस्टोअर’ आणि ‘सेफ मोड’ हे पर्याय या क्रमाने वापरावेत. फॉरमॅट हा सर्वांत शेवटचा आहे.

या मुद्द्याचे सर्वांत मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ चे आहे. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-आज्ञावलीचे एक सदोष अपडेट त्या दिवशी जगभर पोहोचले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. त्याच दिवशी भारतातील विमानतळांवर प्रवासी-नोंदणीची यंत्रणा विस्कळीत झाली आणि हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. आपल्या शेजारच्या मुंबई विमानतळावरील प्रवाशांनाही त्याची झळ बसली. मात्र बंद पडलेल्या त्या लाखो संगणकांपैकी कुणाचा मदरबोर्ड गेला नव्हता. बहुतेकांवरचा उपाय एवढाच होता : सेफ मोडमध्ये यंत्र सुरू करायचे आणि सदोष फाइल काढून टाकायची. ज्या यंत्रांवरील डिस्क कुलूपबंद होती, तेथे आधी ४८ अंकी किल्ली द्यावी लागली आणि ज्यांच्यापाशी ती नव्हती त्यांची अडचण झाली.

हीच ती सूचना. नव्या विंडोज ११ च्या अनेक यंत्रांत डिस्क आपोआप अशा प्रकारे कुलूपबंद केलेली असते. बायोसची मांडणी बदलल्यास ती हीच किल्ली मागते. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. संगणक सुरळीत चालू असतानाच ती कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवावी.

ओल आणि पाणी

मुंबईच्या पावसाळ्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तशी वेळ आली आणि यंत्रात पाणी गेले, तर ‘चालते का पाहू’ म्हणून ते सुरू करू नये. पाण्यापेक्षा ओल्या यंत्रातून गेलेली वीज अधिक घात करते. पिन काढून कारागिराकडे न्यावे. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवावे, भिंतीला ओल असल्यास चार बोटे अंतर सोडावे.

कारागिराकडे नेताना

कारागिराचे कौशल्य आदरास पात्र आहे. हा पाठ त्याच्याविरुद्ध नाही. परंतु त्याच्यापुढे आपण माहिती घेऊन उभे राहिले पाहिजे. एका वहीत चार गोष्टी लिहून न्याव्यात : शेवटचे केव्हा नीट चालले, त्यानंतर काय बदलले, आता कोणत्या टप्प्यावर अडते आणि आपण कोणते उपाय केले. उपाय करताना एकावेळी एकच बदल करावा. तीन बदल एकदम केले, तर यंत्र सुरू झाले तरी कारण कळत नाही. कारागिराला दोन वाक्ये आवर्जून सांगावीत : ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका’ आणि ‘बदललेला जुना भाग परत द्या’. डिस्क चांगली असेल, तर ती दुसऱ्या यंत्राला जोडून आतील सामग्री बहुधा वाचविता येते, मात्र कुलूपबंद असल्यास किल्ली लागतेच.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत संगणकाबाहेर, पेनड्राइव्हवर वा इंटरनेटवरील साठ्यात, असू द्यावी आणि अर्ज शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये. तुमच्यापैकी जे आज या क्षेत्रात नोकरी करतात, त्यांनी वसतिगृहात येऊन एक जुना संगणक विद्यार्थ्यांपुढे उघडून दाखवावा. रॅमची पट्टी एकदा स्वतःच्या हाताने काढून बसविलेला मुलगा वा मुलगी ‘बोर्ड गेला’ या दोन शब्दांना सहसा घाबरत नाही, आणि शेजारच्या घरी संगणक अडला की पहिली हाक त्यांनाच येते.