जुन्या फ्यूजपेटीच्या जागी खटक्यांची वितरणपेटी

ज्या खेड्यांत वीज येऊन बरीच वर्षे लोटली, तेथील अनेक घरांत ओसरीच्या भिंतीवर लाकडी फळी, तीवर लोखंडी मेन स्विच आणि चिनी मातीचे दोन-चार किटकॅट फ्यूज ही मांडणी आजही दिसते. ती बसविली गेली तेव्हा घरात तीन-चार दिवे आणि फार तर एक पंखा असे. आज त्याच तारांवर शीतकपाट, इस्त्री, पाणी तापविण्याचा रॉड, टाकीत पाणी चढविणारी मोटर आणि कित्येक ठिकाणी कडबाकुट्टीचे यंत्रही चालते. १,५०० वॉटचा रॉड २३० व्होल्ट दाबावर सुमारे साडेसहा ॲम्पियर प्रवाह घेतो, एवढे ध्यानात घेतले तरी जुन्या मांडणीवर किती ताण पडतो याची कल्पना येईल.

फ्यूज हे साधन मूलतः वाईट नव्हे. पाच ॲम्पियरच्या फ्यूजास सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीची, कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार लागते. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला म्हणजे ती वितळते व पुढील तारा बचावतात. दोष आहे तो वापरात. फ्यूज बहुधा रात्रीच उडतो, योग्य तार घरात नसते, आणि मग हाताशी असलेल्या वायरीचे दोन-तीन पदर पिळून बसविले जातात. दिवे लागतात, घरधनी निर्धास्त होतो. वस्तुतः त्या क्षणापासून फ्यूजचे काम भिंतीवरील जुन्या तारेकडे गेलेले असते. प्रवाह वाढला तर आता तीच तापणार. तिच्यालगत कुडाची भिंत किंवा रचलेला कडबा असेल तर पुढे काय होईल हे सांगावयास नको.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. माणसाच्या देहातून ३० मिलिॲम्पियरहून अधिक प्रवाह काही काळ वाहिला तर हृदयाची गती बिघडून मृत्यू ओढवू शकतो. पाच ॲम्पियर म्हणजे ५,००० मिलिॲम्पियर. मोटरीच्या ओल्या कवचास चिकटलेल्या माणसासाठी फ्यूज उडेल, ही आशा यास्तव व्यर्थ होय. गोठ्यातील जनावरांस धोका अधिकच असतो. त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असल्यामुळे ओल्या जमिनीत उतरलेल्या विजेचा दाब त्यांच्या देहावर अधिक पडतो.

नव्या वितरणपेटीत तीन प्रकारची साधने असतात. प्रथम मुख्य खटका. तो फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम तोडतो. त्यानंतर गळती ओळखणारा खटका, ज्यास आरसीसीबी म्हणतात. शेवटी प्रत्येक मंडळासाठी स्वतंत्र लहान खटका, म्हणजे एमसीबी. एमसीबीत दोन धातूंची जोडपट्टी असते. जादा भाराने ती तापून वाकते व खटका पाडते. तारांना तार चिकटली तर आतील वेटोळ्याचे चुंबकत्व तेच काम क्षणार्धात करते. आरसीसीबीची रीत निराळी आहे. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तितकाच परतला पाहिजे. त्यांत ३० मिलिॲम्पियरचा फरक पडला की तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज तोडतो. तथापि एका हाताने फेज व दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्यास तो वाचवू शकत नाही, कारण तेथे फरकच पडत नाही. तसेच जादा भार रोखणे हे त्याचे काम नव्हे. त्याची क्षमता मुख्य खटक्याहून कमी नसावी.

एमसीबी निवडताना यंत्राकडे नव्हे, तर तारेकडे पाहावे. तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटर तारेच्या दिव्यांच्या मंडळास ६ किंवा १० ॲम्पियरचा, २.५ चौरस मिलिमीटर तारेच्या मंडळास १६ ॲम्पियरचा खटका सामान्यतः योग्य होय. जुन्या बारीक तारेवर ३२ ॲम्पियरचा खटका बसविणे म्हणजे फ्यूजमध्ये जाड तार घालण्याचीच नवी तऱ्हा होय. दिव्यांस ‘बी’ व मोटरीस ‘सी’ जातीचा खटका घ्यावा. मोटर सुरू होताना क्षणभर कित्येक पट प्रवाह घेते व ‘बी’ खटका उगाच पडतो. साहित्यावर आयएसआय चिन्ह असल्याची खात्री करावी.

केवळ पेटी बदलून भागत नाही. जुन्या तारांचे विद्युतरोधन मेगरने तपासून घ्यावे. ते १ मेगओहमहून कमी भरले तर त्या तारा बदलणे प्राप्त आहे. अर्थिंग तर नव्यानेच पाहावे लागते. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडून नळीभोवतीची माती सुटते व अर्थिंग नावापुरते उरते; म्हणून खड्ड्यात अधूनमधून पाणी घालणे जरूर आहे.

गावकार्यकर्त्यांनी एका गोष्टीवर विशेष नजर ठेवावी. न्यूट्रल गेला की अंगणात गज रोवून त्याचाच न्यूट्रल करण्याची चाल काही खेड्यांत आहे. त्या गजाजवळची जमीन पावसाळ्यात प्राणघातक होऊ शकते. नवी पेटी बसताच अशा घरात आरसीसीबी तत्काळ पडू लागतो. शेजारच्या घराशी न्यूट्रल जोडलेला असला तरी तेच घडते. ‘खटका खराब आहे’ असे म्हणून तो वगळून तारा थेट जोडण्याचा मोह तेव्हा होतो. खटका खराब नसतो. त्याने घरातील जुना दोष दाखविलेला असतो, आणि तो शोधून काढणे हेच वायरमनचे काम होय.

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करवावे व त्याच्याकडून तपासणीचा दाखला घ्यावा. मीटर व त्याआधीचा कटआउट वीज कंपनीचा असतो. त्याचे सील कोणीही तोडू नये. पुरवठा बंद करण्यास कंपनीस कळवावे. मुख्य खटका पाडला तरी त्याच्या वरच्या टोकांत वीज असतेच, हे घरातील सर्वांस सांगून ठेवावे. जुन्या मेन स्विचमध्ये न्यूट्रललाही फ्यूज असेल तर तो कायम ठेवू नये. तो एकटा उडाल्यास दिवे विझतात, पण फेज जिवंतच राहतो.

पेटी ओल न येणाऱ्या भिंतीवर, मोठ्या माणसाचा हात पोचेल इतक्या उंचीवर, गोठा व मोरीपासून दूर असावी. प्रत्येक खटक्याखाली त्याच्या मंडळाचे नाव मराठीत लिहावे. आरसीसीबीवरील ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. खटका पडला नाही तर तो बदलावा. या बटणाने अर्थिंगची परीक्षा होत नाही, ती वायरमनकडून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी निराळी करून घ्यावी.