आकृतीही वाचायची असते

शनिशिंगणापूर

चि. छकुली,

रसायनशास्त्रातला डॅनियल सेलचा धडा पाठ असूनही प्रश्न चुकला, म्हणून तू फोनवर रडवेली झालीस. सुट्टीत मी तुझं पुस्तक चाळलं होतं. ओळींखाली तीन रंगांच्या रेघा, आकृतीवर मात्र पेन्सिलीचा ठिपकाही नाही. गोम तिथंच आहे.

झिंकचं ऑक्सिडेशन होतं, हे वाक्य संपलं की थांबायचं. आकृतीत झिंकची पट्टी शोधायची, सुटलेला इलेक्ट्रॉन तारेतून कुठं जातो त्यावर बोट फिरवायचं, मगच पुढची ओळ. दोन भांड्यांना जोडणाऱ्या सॉल्ट ब्रिजमधून इलेक्ट्रॉन वाहतात असं तू लिहिलंस. जगभरची मुलं तिथंच घसरतात. ब्रिजमधून जातात ते आयन, तेही दोन्ही दिशांना.

रसायनशिक्षणाचे अभ्यासक, ग्लासगोचे अॅलेक्स जॉनस्टन यांनी १९९१ साली हा विषय शिकण्यातली अडचण नेमकी मांडली. डोळ्यांना दिसतं ते, कणांच्या पातळीवर घडतं ते आणि चिन्हांत लिहितो ते, अशा तीन पातळ्यांवर रसायनशास्त्र एकाच वेळी चालतं. सेलच्या आकृतीत भांडं, इलेक्ट्रॉन आणि आयनांची चिन्हं शेजारी-शेजारी असतात; कुठली गोष्ट कुठल्या पातळीवरची, हे आकृती सांगत नाही. ते तू कडेला लिहायचंस.

या पातळ्या कळायला आपल्या शनीच्या चौथऱ्यावर वाहतात ते तेलच घे. हाताला ते नुसतं ओशट लागतं. पुस्तकात त्याच्या रेणूची नागमोडी रेघ असते. रेघेच्या प्रत्येक कोपऱ्यावर कार्बन, आणि हायड्रोजन काढलेलेच नसतात, ते आपण मनानं भरायचे. दुहेरी बंधापाशी ती रेघ वाकते. त्या बाकामुळे रेणू एकमेकांना खेटून बसत नाहीत, म्हणून तिळाचं तेल पातळ राहतं. हायड्रोजन देऊन ते बंध कमी केले की वनस्पती तुपासारखं थिजतं. एवढं सगळं त्या एका बाकात आहे, आणि मुलं ती रेघ नक्षी समजून पान उलटतात!

मोबाइलवरचे व्हिडिओ बघ, पण थांबवत थांबवत. त्यांत तांब्याचा अणू तांबूस गोळा दाखवतात. एकट्या अणूला तो रंग नसतो.

रविवारी पुस्तक मिटून सेल काढ, बाण घाल आणि फोटो पाठव. ब्रिजमध्ये पोटॅशियम क्लोराइड असेल, तर कुठला आयन कुठल्या भांड्याकडे जातो आणि का, तेही लिही. शनी अमावास्येची गर्दी आहे, उत्तराला एखादा दिवस उशीर होईल.

तुझा,
मामा