सपाट रस्ता आणि बधिर बोटे

इटलीत पो नदीच्या पूरबांधांवरून खडीचे सपाट रस्ते जातात. बऱ्याच ठिकाणी मोटारींना मज्जाव. माझे एक साठीतले रुग्ण मुलाकडे गेले असता तेथे आठवडाभर सायकल चालवून आले. करंगळी व अनामिका बधिर, अर्धांगवायूची धास्ती! मी दोन बोटांत कागद धरायला सांगितला, तो निसटला.

खडीचे हादरे व तळहातावरचा भार यांनी मनगटापाशी अल्नार नस दबते. चढउतार नसल्याने पकड तासन्‌तास तीच राहते. (सपाट म्हणजे सोपे, हा गैरसमज!) टायरमधील हवा थोडी कमी ठेवावी, गादीचे हातमोजे घालावेत, पकड वारंवार बदलावी. बधिरपणा काही दिवसांत ओसरला नाही वा बोटांतली ताकद गेली, तर डॉक्टरांना दाखवावे. अचानक तोंड वाकडे झाले वा बोलणे अडखळले, तर मात्र तडक रुग्णालय गाठावे.