आरसीसीबी पडते तेव्हा

बाथरूमचं काम झालं, टाइल्स बसल्या, नवा गिझर लागला आणि आरसीसीबी सारखी पडायला लागली, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "ती काढूनच टाका ना!" बाळा, ते कधी ऐकू नकोस. बाथरूममध्ये माणूस ओला असतो, अनवाणी असतो आणि त्याचा एक हात नळावर असतो. 30 मिलिअँपिअरची गळती दिसली की ती लाइन तोडते, ती याच माणसासाठी. तिला बगल देऊन थेट जोडून देतो म्हणणारा वायरमन कितीही ओळखीचा असला तरी त्याला दारातूनच परत पाठव.

हत्यार हातात घेण्याआधी घरच्यांना विचार, भिंतीला शेवटचं कोणी भोक पाडलं? टॉवेलचा रॉड, आरसा, साबणाचं स्टँड. कन्सील पाईप बहुधा बोर्डापासून सरळ वर, खाली किंवा आडवा गेलेला असतो. त्या रेषेत नवा स्क्रू दिसला तर आधी तिथेच शंका घे.

मग मेन डीबीपाशी ये. सगळ्या एमसीबी खाली कर, आरसीसीबी वर कर आणि एकेक एमसीबी चढवत जा. जिच्यावर पडेल ती लाइन संशयित. इथपर्यंत सगळ्यांनाच जमतं. फसगत होते ती पुढे. बाथरूमची एमसीबी खाली आहे, तरी आरसीसीबी पडते, म्हणून लोक बाथरूम सोडून स्वयंपाकघर उकरायला लागतात. एकेरी एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल पट्टीवर जोडलेलाच राहतो. तो पाईपमध्ये कुठे सोलून अर्थच्या वायरीला टेकला असेल, तर घरात दुसरीकडे फ्रीज किंवा इस्त्री चालू झाली, की त्या भाराचा थोडा करंट त्या वाटेने निघून जातो आणि आरसीसीबी पडते. अशा वेळी न्यूट्रल पट्टीवरून एकेक वायर सोडवून पाहावी लागते. प्रत्येक वायरीवर खूण करून ठेव. आणि लक्षात ठेव, मेन बंद केला तरी मीटरकडून येणारं त्याचं टोक जिवंतच असतं. म्हणून हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घे, पण तो काय करतोय ते शेजारी उभं राहून बघ.

गिझर लावला तर काही होत नाही, नुसता दिवा लावला की पडते, असं असेल तर गिझरला दोष देऊ नकोस. बहुतेक दिव्याला फेज इन्व्हर्टरच्या लाइनवरून घेतलाय आणि न्यूट्रल जवळ सापडला म्हणून गिझरच्या बोर्डातून उचललाय. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट ताडून बघते. परतीचा भलत्याच वाटेने आला, तर तिला ती गळतीच वाटते. नव्या कामात हा घोळ फार होतो.

गिझरचा प्लग काढल्यावर सगळं शांत झालं तर गिझरकडे वळ. चालू करताच पडते की पाच-दहा मिनिटं तापल्यावर, ते नीट बघ. तापल्यावर पडत असेल तर कॉइलची नळी तडकलेली असते. बोअरचं जड पाणी असलेल्या घरांत कॉइलवर क्षाराचा पांढरा थर चढतो आणि ती लवकर जाते. साध्या मीटरवर 2000 वॉटची कॉइल साधारण 26 ओहम दाखवेल आणि ठीक वाटेल, कारण ते मोजमाप दोन टोकांमधलं. गळती असते कॉइल आणि बॉडी यांच्यामध्ये. ती बघायला 500 व्होल्टचा मेगर लागतो, तोही गिझर लाइनपासून सुटा करून.

एका दोषावर मात्र आरसीसीबी पडत नाही आणि एमसीबीही पडत नाही: ढिला स्क्रू. 2000 वॉटचा गिझर जवळपास 9 अँपिअर खेचतो, 3000 वॉटचा 13. टर्मिनल सैल असेल तर तेवढ्यावर सॉकेट भाजून निघतं. गिझर पंधरा मिनिटं चालव, बंद कर, प्लग काढ आणि पिना बघ. एखादी तपकिरी पडली असेल, प्लास्टिकला वास येत असेल, तर नुसता स्क्रू आवळून सोडू नकोस. सॉकेट 16 अँपिअरचं नवं बसव आणि वायरीचं जळकं टोक कापून ताजं तांबं आत घे. वायर 2.5 चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक निघाली तर तीही बदल. त्याहून बरं म्हणजे बाथरूमच्या बाहेर, दाराशी, 20 अँपिअरचा डीपी स्विच. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो.

टेस्टरवर फार विसंबू नकोस. सॉकेटच्या दोन्ही भोकांत तो पेटला तर बहुधा न्यूट्रल कुठेतरी तुटलाय. अजिबात पेटला नाही, तर आधी चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर तो पेटतोय का बघ आणि मगच इथे वीज नाही असं धर.

आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा. दाबल्यावर ती पडलीच पाहिजे, नाही पडली तर त्याच दिवशी बदल. पण ती पडली म्हणजे अर्थिंग शाबूत आहे असं धरू नकोस. त्या बटणाला अर्थची वायर लागतच नाही. अर्थिंग वेगळं तपासून घे, आणि गिझरच्या बॉडीपर्यंत हिरवी वायर खरोखर पोचलीय का, ते झाकण उघडायला लावून स्वतःच्या डोळ्यांनी बघ.