कर्ज कोणी काढले, फेडले कोणी?



घेतलेले कर्ज फेडावे हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते आणि ते योग्यच आहे. पतपेढीचा हप्ता थकला की जामीनदाराची झोप कशी उडते, हे आपण जाणतो. १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० च्या ज्युबिली वर्षाच्या तयारीसाठी पत्र लिहिले. गरीब देशांवरील कर्जाचा भार बराच कमी करावा, जमल्यास पूर्ण माफ करावा, असे त्यांनी त्यात सुचवले. २०२५ च्या ज्युबिलीसाठी पोप फ्रान्सिस यांनीही श्रीमंत देशांना तेच आवाहन केले. हे ऐकून कुणाच्याही मनात प्रश्न येईल : ज्याने कर्ज काढले त्याने फेडावे, मग माफी कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मेक्सिको या देशाचे उदाहरण घेऊ. विसाव्या शतकातील मोठ्या कर्जसंकटाची सुरुवात तिथूनच झाली.

१. पैसा आला कुठून?

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. तेल विकणाऱ्या देशांकडे डॉलरचे ढीग जमले. ते त्यांनी न्यूयॉर्क आणि लंडनच्या मोठ्या बँकांत ठेवले. ठेवीदाराला व्याज द्यायचे तर बँकेला तो पैसा कुणाला तरी कर्जाऊ द्यावाच लागतो. पण त्या वेळी श्रीमंत देशांत मंदी होती, तिथे कर्ज मागणारे थोडे. म्हणून बँकांचे प्रतिनिधी मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना अशा देशांकडे वळले. व्यक्ती किंवा कंपनी बुडू शकते, देश बुडत नाही, असा विश्वास तेव्हा बँकवाल्यांत होता.

मेक्सिकोला १९७६ च्या सुमारास समुद्रात तेलाचा प्रचंड साठा सापडला होता. उद्या तेल विकून फेडू, या भरवशावर सरकारने भरमसाट कर्ज घेतले. काही पैसा कामी लागला, काही उधळपट्टीत आणि भ्रष्टाचारात गेला. घेणाऱ्याची चूक होतीच. पण देणाऱ्यानेही परतफेड कशी होणार याची पुरेशी चौकशी केली नाही, हे विसरून चालणार नाही.

२. व्याज कोणी वाढवले?

या कर्जांमध्ये दोन मेख होत्या. एक, कर्ज डॉलरमध्ये होते. मेक्सिकोचे चलन पेसो. पेसोचा भाव पडला की तेच कर्ज आपोआप जड होई. दुसरी, व्याजाचा दर बहुधा ठरलेला नव्हता. लंडनच्या बाजारातील दरानुसार तो साधारण दर सहा महिन्यांनी बदले.

१९७९ साली पॉल व्होल्कर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले. त्यांच्या देशात महागाई भडकली होती. ती आवरण्यासाठी त्यांनी व्याजदर चढू दिले. डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकी बँकांचा मूळ कर्जदर २१.५ टक्क्यांवर गेला. हा निर्णय अमेरिकेने स्वतःच्या घरासाठी घेतला, पण त्याची झळ थेट मेक्सिकोला बसली. शंभर डॉलर कर्जावर जिथे वर्षाला आठ डॉलर व्याज पडे, तिथे सोळा-अठरा पडू लागले तर काय होईल, याचा हिशेब शाळकरी मुलगाही करील. त्यात १९८१ पासून तेलाचा भाव उतरू लागला. म्हणजे देणे वाढले आणि मिळकत घटली.

३. पैसा पळाला, कर्ज राहिले

संकटाची चाहूल सर्वांत आधी पैसेवाल्यांना लागते. पेसो कोसळणार हे ओळखून मेक्सिकोतील श्रीमंतांनी पेसो देऊन डॉलर घेतले आणि ते परदेशी ठेवले. सरकार एका दाराने डॉलर उसने आणत होते आणि दुसऱ्या दाराने ते बाहेर जात होते. अखेर ऑगस्ट १९८२ मध्ये, सुमारे ८० अब्ज डॉलरचे कर्ज डोक्यावर असताना, अर्थमंत्री हेसुस सिल्वा हेर्झोग यांनी आता हप्ते भरता येणार नाहीत असे धनकोंना कळवले. लवकरच ब्राझील, अर्जेंटिना आणि इतर अनेक देशांवर तीच वेळ आली.

पैसा कसा पळतो, हे आपल्या देशानेही पाहिले आहे. १९९०-९१ च्या आखाती संकटात तेल महागले, परदेशस्थ भारतीयांच्या ठेवी निघू लागल्या आणि परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते उरले. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशात तारण ठेवावे लागले.

४. फेडले कोणी?

मेक्सिकोला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आणि अमेरिकेने मदत केली, पण हप्ते सुरू राहावेत म्हणून सरकारी खर्चाला कात्री लावण्याची अट होती. तोर्तिया म्हणजे मक्याची रोटी, हे तिथल्या गरिबाचे रोजचे अन्न. तिच्यावरचे अनुदान कमी होत गेले. १९८७ साली महागाई दीडशे टक्क्यांच्या पुढे गेली. दशकाच्या अखेरीस किमान वेतनाची खरेदीशक्ती जवळपास निम्म्यावर आली होती. लॅटिन अमेरिकेत या काळाला ‘हरवलेले दशक’ म्हणतात. त्या वर्षांत या गरीब प्रदेशातून बाहेर गेलेला पैसा आत आलेल्या पैशापेक्षा जास्त होता.

अमेरिकेच्या बड्या बँकांनी आपल्या भांडवलापेक्षाही अधिक रक्कम या देशांत गुंतवली होती. त्यांना सावरायला सुमारे सात वर्षे मिळाली. १९८९ साली अमेरिकेचे अर्थमंत्री निकोलस ब्रॅडी यांच्या योजनेनुसार मेक्सिकोच्या कर्जातील काही भाग सोडायला बँका तयार झाल्या. तोवर एक पिढी मोठी झाली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कर्जाच्या कागदावर सही मंत्र्यांनी आणि बँकवाल्यांनी केली. पैसा परदेशी नेला तो श्रीमंतांनी. परतफेड मात्र रोटी विकत घेणाऱ्या बाईच्या पदरातून झाली. तिला कुणी विचारले नव्हते, आणि त्या कर्जातला पैसा तिच्यापर्यंत पोहोचलाही नव्हता. ‘ज्याने काढले त्याने फेडावे’ हा न्याय लावायचाच, तर तो इथे पाळला गेलाच नाही.

५. पवित्र शास्त्र आणि ख्रिस्तसभा

लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी असा नियम आहे. अनुवाद पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात सातव्या वर्षी कर्जमुक्ती सांगितली आहे. नहेम्याच्या ५ व्या अध्यायातील लोक शेते गहाण टाकून, मुले दास्यात देऊन कर्जात बुडालेले आहेत. नहेम्या जाब विचारतो तो सावकारी करणाऱ्या प्रतिष्ठितांना. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण अपराधांची क्षमा मागतो. मत्तयच्या मूळ ग्रीक पाठात तिथे ‘ऋण’ या अर्थाचा शब्द आहे.

१९८६ साली परमधर्मपीठाच्या न्याय व शांती आयोगाने कर्जाच्या प्रश्नावर दस्तऐवज काढला. त्याचा गाभा असा, की जबाबदारी घेणाऱ्याची तशीच देणाऱ्याचीही आहे. १९९१ च्या परिपत्रकात पोप जॉन पॉल यांनी स्पष्ट केले, की कर्ज फेडावे हे तत्त्व खरेच. मात्र लोकांना उपाशी ठेवून ती फेड वसूल करणे न्याय्य नाही.

६. माफीनंतरचे काम

माफीचा उपयोग होतो का? युगांडाने १९९७ पासून प्राथमिक शाळेची फी रद्द केली होती. १९९८ मध्ये त्या देशाला कर्जसवलत मिळाली आणि वाचलेला पैसा शाळा, पाणी, आरोग्य यांसाठी वेगळ्या निधीत घालण्यात आला. झांबियाचे बरेचसे कर्ज २००५ नंतर माफ झाले आणि २००६ साली त्या देशाने खेड्यांतील दवाखान्यांची फी काढून टाकली.

पण त्याच झांबियाने २०१२ ते २०१५ या काळात परदेशी बाजारात तीन अब्ज डॉलरचे रोखे विकले, शिवाय चीनकडूनही मोठी कर्जे घेतली. देशाची मिळकत मुख्यतः तांब्यावर. तांब्याचा भाव पडला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता चुकला. धनकोंशी तडजोड व्हायला २०२४ उजाडले. जुने कर्ज पुसले, तरी डॉलरमधील देणे आणि एका मालावरची मिळकत तशीच राहिली, तर खड्डा पुन्हा पडतो. म्हणून माफी हवी आणि तिच्याबरोबर उघडा हिशेबही हवा : किती घेतले, कोणत्या अटीवर, कशासाठी. तो हिशेब मागण्याचा पहिला हक्क फेडणाऱ्या जनतेचा आहे.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. कर्ज देणाऱ्याची जबाबदारी कोणती? आपल्या पतपेढ्यांत ती पाळली जाते का?

२. नहेम्याचा ५ वा अध्याय वाचा. त्यातील लोक आणि मेक्सिकोतील गरीब यांच्यात कोणते साम्य दिसते?

३. आपल्या घरात, संस्थेत किंवा गावात एकाने केलेल्या कर्जाचा भार दुसऱ्यावर पडतो असे कुठे घडते? त्यावर आपण काय करू शकतो?

आपला,
प्रमुख धर्मगुरू